सूचना : ओपनचेन मानकाच्या सुधारणेसंबंधी बैठक

गटाच्या नागपूर येथील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या (ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या) परवाना-पालनासाठी, म्हणजे त्याच्या वापराच्या अटी पाळण्यासाठी, असलेल्या ओपनचेन या आंतरराष्ट्रीय मानकावर, म्हणजेच 'आयएसओ/आयईसी ५२३०:२०२०' वर, आपल्या सुधारणा-सूचना एकत्र करण्याकरिता येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता धरमपेठेतील नेहमीच्या जागी बैठक होईल. संस्थेने काय साध्य करावे एवढेच हे मानक सांगते व ते कसे करावे हे संस्थेवर सोपवते. त्यामुळे एखाद्या विशिष्ट साधनाचा आग्रह धरणारी सूचना, ती कितीही उपयुक्त असली तरी, त्यात बसणार नाही. कलम क्रमांक, प्रस्तावित शब्दरचना आणि कारण शुक्रवारपर्यंत लेखी पाठवावे. सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीचे कलम अवश्य वाचून यावे. लहान कंपन्या बहुधा तिथेच अडतात.

– निमंत्रक