किटलीची बाजू

महोदय,
संगणकवेड्यांचे विनोद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे बऱ्याच जणांना वाटते. मला ते मुळीच पटत नाही. संगणकतज्ज्ञ लॅरी मॅसिंटर यांनी १ एप्रिल १९९८ रोजी इंटरनेटवरून कॉफीचे भांडे चालवण्याची नियमावली प्रसिद्ध केली. सगळी थट्टाच, पण भाषा अस्सल तांत्रिक! चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितले, तर तिने ‘४१८ : मी किटली आहे’ असे उत्तर द्यावे, हा त्यातलाच नियम. (४१८ हा ‘४०४’सारखाच, चूक कळवणारा क्रमांक.) २०१७ मध्ये काही सॉफ्टवेअरमधून हा क्रमांक काढण्याची सूचना आली, तेव्हा प्रोग्रॅमर मंडळी किटलीच्या बाजूने उभी राहिली. वेबच्या २०२२ च्या अधिकृत मानकातही ४१८ राखून ठेवलेला आहे. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

मोबाइलवर झळकणाऱ्या ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’पेक्षा ही किटली कितीतरी प्रामाणिक. काम का होणार नाही, हे ती एका ओळीत सांगते. परवा एक ऑनलाइन अर्ज भरताना मला तोच संदेश पुन्हा पुन्हा येत होता. फोटोची फाइल मोठी होती, हे शेवटी मीच शोधून काढले. तेवढे तीन शब्द लिहायला काय हरकत होती? अ‍ॅप बनवणाऱ्या प्रत्येकाने आधी ही किटलीची नियमावली वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक संगणकप्रेमी वाचक