खाडीवर घड्याळ नव्हे, तिथी पाहा

मा. संपादक,
स. न.

उन्हाळ्याच्या तोंडावर पक्षी पाहायला जाणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत ‘पहाटेच पोहोचा’ असा सल्ला होता. रानात तो ठीक. ठाण्याच्या खाडीवर मात्र बऱ्याचदा चुकतो. पौर्णिमा-अमावास्येला सकाळी सहाला ओहोटी असते. चिखल दूरवर उघडा पडतो आणि रोहित (फ्लेमिंगो), तुतवार, चिखल्या हे पक्षी दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढे दिसतात. भरतीचं पाणी चढू लागलं की तेच पक्षी काठाकडे सरकतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास गाठावेत.

वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला पूर्ण भरती. वेळ ढोबळ आहे, आणि खाडीत आत पाणी थोडं उशिराच पोहोचतं. अष्टमीच्या आसपास भांगेची, म्हणजे पाणी कमी चढणारी भरती असते. चिखल पुरता बुडत नाही, पक्षी पांगलेलेच राहतात. सकाळसाठी एकादशी ते त्रयोदशी उत्तम.

मात्र ही सकाळ खाडीच्या पूर्वेकडच्या ऐरोलीच्या काठाची, कारण तिथे सूर्य पाठीशी असतो. पश्चिम काठावरच्या शिवडीला तोच डोळ्यांवर येतो आणि सगळे पक्षी काळेच दिसतात. तिथे चतुर्थी-पंचमीची दुपार धरावी.

मार्च-एप्रिलमध्ये नवख्यांचा गोंधळ होतो तो रंगांमुळे. हिवाळाभर राखाडी असलेला कर्ल्यू सँडपायपर (एक तुतवार) आता पोटाशी विटकरी होतो, सँड प्लोव्हर या चिखल्याच्या छातीवर नारिंगी पट्टा उमटतो. पुस्तकातलं हिवाळी चित्र जुळत नाही. अशा वेळी रंग सोडून चोचीचा बाक आणि पायांची लांबी पाहावी.

कीटकांना घाई नसते. ऊन तापल्यावर, नऊनंतर ते हलू लागतात. चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या डबक्यांच्या काठी शोधाव्यात. बहुतेकांची पिल्लं गोड्या पाण्यातच वाढतात. कांदळवनाच्या कडेला खाकणाचं झुडूप दिसलं तर थांबाच. सालमन अरब फुलपाखराच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते, पण दोन मीटरवरचंही स्पष्ट दिसणारी घ्यावी.

चिखलात उतरू नये. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि भरतीचं पाणी ओहोळांतून पाठीमागूनही येतं. शिवाय फोटोसाठी थवा उडवला की सैबेरियापर्यंतच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी पक्ष्यांना इथेच जाळावी लागते.

आपण सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा रोज छापता. त्यांच्या शेजारी भरतीचीही वेळ द्यावी, ही विनंती.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक, ठाणे