धुळ्याजवळच्या अवधानच्या लेथवाल्या नानांना जाहीर पत्र

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं बिल माझ्यासमोर आहे. ‘अ‍ॅल्युमिनियम बुश 2 नग, लेथ मजुरी’ एवढंच त्यावर लिहिलंय. माझी डोंगरउतरणीवर चालवायची, शॉकअपवाली सायकल श्रावणापासून दिवाळीपर्यंत तुमच्या वर्कशॉपात येत-जात होती, त्याचा हिशोब त्यात कुठेच नाही. विचारलं की तुम्ही म्हणता, “जे घडवलं त्याचे घेतले, नुसतं पाहिलं त्याचे कशाचे घेऊ?” आणि पोऱ्याला चहा सांगता. म्हणून त्या नुसत्या पाहण्याचं हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण धुळ्या-जळगावाकडे आता अशा सायकली घेणारी पोरं वाढली आहेत. जरा काही बिघडलं की ती पुण्या-नाशिकला पार्सल करायच्या गोष्टी करतात. ट्रॅक्टरचे जॅक आणि मोटारसायकलचे शॉकअप खोलणारा माणूस आपल्या गावात काय काय करू शकतो, हे त्यांना कळलं पाहिजे. तुम्ही स्वतः हे वाचणार नाही, ठाऊक आहे. पोऱ्या मोबाइलवर वाचून दाखवेल. त्याने मधलं काही गाळलं तर मला सांगा.

फ्रेम जुनी घेतलेली, कार्बनची, म्हणजे कार्बन धाग्यांचे थर चिकटवून केलेली. पुढचा फोर्क म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप, मागचा शॉक, चाकं, गिअर सगळं सुटं, वेगवेगळ्या खोक्यांत. मी खोका उघडला आणि तुम्ही म्हणालात, “हाई काय शे?” मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि बाजारात मडकं वाजवून घेतात तशी अख्खी फ्रेम वाजवत गेलात. खालच्या नळीवर, पेडलच्या जोडाजवळ, मागच्या दोन्ही दांड्यांवर. आवाज सगळीकडे खणखणीत. कुठे तो बद्द आला असता तर आतले थर सुटल्याची शंका घ्यायची, ही परीक्षा कार्बनची कामं करणारे लोकही करतात. तुम्हाला ती कोणी सांगितली होती? नंतर विचारलं तर म्हणालात, “पोकळ वस्तू वाजवून नाही पाहायची तर कशी पाहायची?”

मग तुम्ही जो प्रश्न टाकलात तो मी वहीत लिहून ठेवलाय: “लोखंड मोडाना पहिले वाकस. हाई सांगस का?” नाही सांगत, नाना. कार्बन वाकून इशारा देत नाही. बोल्ट थोडा जास्त आवळला किंवा नळी शिकंज्यात धरली की बाहेरून रंग तसाच राहतो आणि आत चीर जाते. तेवढं ऐकून तुम्ही पोऱ्याला बजावलंत की या सायकलीची नळी कोणी शिकंज्यात धरायची नाही, धरायचीच तर सीटची दांडी धरायची. त्या दिवशीपासून मी निर्धास्त झालो.

मागचा शॉक फ्रेमच्या दोन कानांमध्ये बोल्टने बसवताना लागणाऱ्या बुशा विकणाऱ्याने भलत्याच मापाच्या पाठवल्या होत्या, आणि पैसे पोचल्यावर त्याने फोन उचलणंच सोडलं. फ्रेमला लागणार होती 30 मिलिमीटर रुंदी आणि 8 मिलिमीटरचा बोल्ट. तुम्ही व्हर्नियर लावून फ्रेमच्या दोन्ही कानांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली असं तिन्हीकडे मोजलंत, कारण “कान समांतर असतीलच असं कोणी सांगितलं?” मग अ‍ॅल्युमिनियमचा गज लेथला लावला. शेवटचा कट इतका बारीक की चुरा केसासारखा निघत होता. बुश बोटाने दाबून बसली आणि बसल्यावर हलली नाही. घरी कानबाईचे रोट असताना तुम्ही संध्याकाळी ते काम करत थांबला होतात. वहिनींची माफी मी तेव्हाही मागितली होती, आता लेखी मागतो.

हेडसेटचे, म्हणजे हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगचे कप बसवायची हत्यारं आपल्याकडे कुठून मिळणार? तुम्ही 12 मिलिमीटरचा पूर्ण आट्यांचा गज घेतलात, दोन जाड वायसर आणि नायलॉनचे दोन गुटके. गुटके असे कातले की दाब फक्त कपच्या कडेवर यावा, बेअरिंगवर येऊ नये. पोऱ्याने सवयीने हातोडी पुढे केली तेव्हा तुम्ही नुसतं “आठे हातोडी नही चालस” म्हणालात आणि पाना अर्धा-अर्धा फेरा फिरवत राहिलात. कप तिरका जातोय असं वाटलं की मागे घ्यायचा आणि पुन्हा सरळ लावायचा. पेडलच्या जोडाला, म्हणजे बॉटम ब्रॅकेटला, चेनच्या बाजूला उलटे आटे असतात. ते मी सांगायच्या आधीच तुम्ही बोटाने चाचपून ओळखलंत.

आता टॉर्कचं, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं. ही गोष्ट मी सायकलवाल्या मित्रांना सांगतो तेव्हा त्यांना थाप वाटते. हँडल धरणाऱ्या बोल्टांवर 5 न्यूटन-मीटर लिहिलेलं होतं. तुमच्याकडचा टॉर्क पाना ट्रॅक्टरच्या हेडचे बोल्ट आवळायचा, एवढ्या कमी आकड्याला तो बोलतच नाही. माझा छोटा पाना अजून कुरिअरमध्ये होता. तुम्ही कापूस तोलायच्या वेळचा जुना ताणकाटा काढलात, अ‍ॅलन कीला पाइप लावून हात बरोबर 20 सेंटिमीटर केलात आणि फळ्यावर गणित मांडलंत: 5 ला 0.2 ने भागलं तर 25 न्यूटन, म्हणजे काट्यावर अडीच किलोच्या जरा वर. काटा पान्याशी काटकोनात धरायचा, ओढ सावकाश द्यायची, अडीचवर आला की थांबायचं. चारही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे. नंतर माझा पाना आल्यावर आपण ताडून पाहिलं, दोघांचं जमलं. कार्बनच्या हँडलवर लावायची खरखरीत पेस्ट तुम्ही दोन बोटांत चोळून पाहिलीत आणि म्हणालात, यात रेती आहे. आहेच. तिच्यामुळे पकड वाढते आणि बोल्ट कमी आवळून भागतं. यावर तुम्ही मान डोलावलीत. तुमच्या खुशीची पावती मला तेव्हा पहिल्यांदा मिळाली.

खरी मजा सस्पेन्शनला आली. मागचं चाक 140 मिलिमीटर वर-खाली होतं आणि शॉकचा दांडा फक्त 55 मिलिमीटर आत जातो. तुम्ही लगेच म्हणालात, “अडीच पट. म्हणजे चाकावर एक किलो आला तर शॉकवर अडीच.” हे तरफेचं प्रमाण कंपन्या सुंदर आलेख काढून समजावतात, तुम्ही जॅकच्या दांड्यावरून सांगितलंत. मग सॅग. स्वार नुसता बसला की शॉक किती दबतो ते माप. मागे 30 टक्के ठेवायचं होतं, म्हणजे 55 पैकी साडेसोळा मिलिमीटर, आणि पुढच्या 150 मिलिमीटरच्या फोर्कला 20 टक्के, म्हणजे 30. मी हेल्मेट घालून, पाण्याची पिशवी पाठीला लावून भिंतीला टेकून बसलो. तुम्ही गुडघ्यावर बसून दांड्यावरची रबरी रिंग वाचत होता. रिंग 14 वर आली. मला ते चाललं असतं. तुम्हाला नाही. “अडीच कुठं गेले?” म्हणून तुम्ही हवा थोडी सोडायला लावलीत, शॉक दाबून-दाबून आतल्या दोन्ही कप्प्यांतल्या हवेचा दाब समान करून घेतलात आणि पुन्हा मोजलंत. हवा भरतानाही तेच. एका दमात भरायची नाही, थोडी भरा, शॉक दाबा, पुन्हा भरा. नाहीतर आतल्या उलट बाजूच्या कप्प्यात हवा पोचत नाही आणि पंपावरचा आकडा खोटं बोलतो.

मग उतरणीवरची चाचणी. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याला तुम्ही स्प्लेंडरवर आलात आणि वही उघडून दगडावर बसलात. आग्रा रोडवरचे ट्रक खालून जात होते. किल्ल्याच्या बाजूची मुरमाड उतरण, मध्ये सुट्या दगडांचा पट्टा, खाली एक छोटी उडी. नियम तुमचाच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीच उतरण तशीच उतरायची आणि खाली आल्याबरोबर बोलायचं, घरी गेल्यावर नाही. आधी मागचं चाक दगडांवर लाथ मारत होतं. तुम्ही लाल नॉब दोन क्लिक आवळला, म्हणजे शॉकचं परत येणं संथ केलं. लाथ थांबली. मी खूश होऊन म्हणालो अजून आवळू. तुम्ही नको म्हणाला नाहीत, आवळू दिलंत. सुटे दगड सुरू झाले तसा शॉक एका दगडावरून परत यायच्या आत दुसरा दगड येऊ लागला, आणि सायकल खाली-खाली बसत गेली. दांडा आत गेला की पुरता बाहेर येईना. वर आलो तर तुम्ही वहीत आधीच लिहिलं होतं: “तेल परत येऊ देत नाही.” दोन क्लिक मागे. बास, तो आकडा अजून तिथेच आहे.

उडीवर फोर्क शेवटपर्यंत ठोकत होता. तिथे सगळेच हवा वाढवतात आणि मग सुरुवातही कडक होते. आपण हवा तेवढीच ठेवून आतली जागा कमी करणारा प्लास्टिकचा एक तुकडा घातला. हवेला दबायला जागा कमी, म्हणून शेवटी कडक आणि सुरुवातीला पहिल्यासारखाच मऊ. तो तुकडा पाहून तुम्ही हसला होतात. “एवढ्याशा प्लास्टिकला एवढे पैसे?” नाना, या धंद्यात हे स्वस्तातलं होतं.

आणि ऊन. कंपनीच्या कागदावर दाबाचे आकडे असतात, पण धुळ्याची जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार त्या कागदाला माहीत नसते. हे तुम्ही काढलंत. ट्रॅक्टरच्या टायरमध्ये उन्हाळ्यात हवा बेताने भरतात त्यावरून. मी घरी गणित केलं. पहाटे 10 अंशांना 180 पीएसआय भरलेला शॉक, थेंबभरही हवा न गळता, दुपारी 42 अंशांना 200 च्या वर जातो. वर तेल पातळ होतं म्हणून परत येणंही वेगाने होतं. त्यामुळे आता माझ्या वहीत दोन पानं आहेत, एक थंडीचं आणि एक आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरच्या उन्हाचं. तोरणमाळला गेलो होतो तेव्हा वर यशवंत तलावापाशी गारवा आणि खाली शहाद्याला भट्टी. तेव्हा दाब तपासला तो जिथून उतरायचं तिथे, वर.

कुरकुरीचं थोडक्यात सांगतो. पेडलवर जोर दिला की कुर्र. ज्याला विचारावं तो म्हणे बॉटम ब्रॅकेट बदला. तुम्ही सायकल भिंतीला लावलीत, मला ब्रेक दाबून पेडलवर उभं केलंत आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका जोडाला लावून मूठ कानाशी धरलीत. कार्बनच्या पोकळ फ्रेममध्ये आवाज एकीकडे होतो आणि ऐकू दुसरीकडे येतो. तो निघाला शॉकच्या वरच्या फिरत्या जोडात. बेअरिंग कोरडं आणि आत आपली खान्देशी धूळ. साफ केलं, ग्रीस भरलं, आटे सैल होऊ नयेत म्हणून निळं लॉकटाइट लावून ठरल्या मापाला आवळलं. बॉटम ब्रॅकेटचे पैसे वाचले.

बाकी बारीकसारीक बरंच आहे. ट्यूबलेस टायर रिमला बसेना तेव्हा व्हॉल्व्हची सुई काढून तुमच्या मोठ्या कॉम्प्रेसरने दिलेला एक झोत. काळ्या मातीसाठी मागचा रुंद टायर काढून 2.3 इंची लावायचा सल्ला, कारण पावसात ती माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अडकते आणि फिरत्या चाकाबरोबर कार्बन घासत बसते. बाभळीचा काटा रुतला तर वाटेत उपटायचा नाही, घरी येऊन काढायचा, हे तर आपल्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. टायरच्या आतलं, भोक बुजवणारं पातळ सीलंट मात्र आपल्या उन्हात लवकर सुकतं, तिकडे लक्ष ठेवतोय.

लोक अजूनही विचारतात, या पैशात मोटारसायकल आली नसती का. आली असती. आणि खरं सांगायचं तर आपल्या वाटांना कार्बनच पाहिजे असं काही नाही, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेमही मजेत चालली असती. सेटिंग चुकलेली महागडी सायकल लळिंगच्या उतरणीवर साध्या सायकलीपेक्षा वाईट चालते, हे मी पहिल्या आठवड्यात पाहिलं. तीच सायकल, तेच भाग, आणि तुमच्या वहीतल्या आकड्यांनी ती दुसरी झाली. त्याबद्दल मनापासून आभार, नाना.

आता कामाचं. फोर्कचे 50 तास भरत आलेत, खालच्या नळ्यांमधलं तेल बदलायचंय. धुळीची सीलं काढली की नवी सरळ दाबून बसवायला काहीतरी लागेल. जळगावहून येताना पीव्हीसी पाइपचे दोन-तीन मापांचे तुकडे आणलेत, त्यातला एक कडा घासून चालेल असं वाटतं. रविवारी सकाळी येतो. घरून वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी आणतोय, तेव्हा पोऱ्याला डबा आणू नको म्हणावं. ताणकाटाही आणतो. तो माझ्याकडेच राहिलाय.

आपला,
देवपुरातला सायकलवाला