तिसरी बाटली दिली नाहीत म्हणून थँक्यू ताई

मेडिकलवाल्या ताई, नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण वाचलंत की लगेच कळेल. मी तोच, जो मागच्या महिन्यात आईच्या पोटॅशियम सिरपची तिसरी बाटली मागायला येऊन तुमच्या काउंटरवर "दुकान चालवायचंय का नाही तुम्हाला" असं बोलून गेला होता. त्याबद्दल आधी सॉरी, मग थँक्यू.

झालं असं होतं की आईला पायाच्या सुजेसाठी लघवीची गोळी बरीच वर्षं चालू आहे आणि त्यात तिला तीन दिवस उलट्या-जुलाब लागले, आम्ही आपलं लिंबू सरबत नि पेज देत बसलो आणि गोळीही नेमाने देत राहिलो. चौथ्या दिवशी ती म्हणाली पायात जीवच नाही रे, पोटऱ्या वळतायत, आणि बाथरूमपर्यंत जाताना खालीच बसली. दवाखान्यात नेलं तर रक्तातलं पोटॅशियम 2.6, जुलाब नि लघवीची गोळी दोन्हीतून निघून गेलेलं. नॉर्मल 3.5 ते 5 असतं हे मला तेव्हा कळलं, तोवर पोटॅशियम म्हणजे दहावीच्या केमिस्ट्रीतलं काहीतरी एवढंच ज्ञान. ईसीजी काढला, सलाईनमधून पोटॅशियम सुरू केलं, आणि ते इतकं हळू चाललं होतं की मी सिस्टरना जाऊन म्हटलं जरा फास्ट करा की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! म्हणाल्या हे फास्ट दिलं तर हार्ट बंद पडतं, तासाला ठरलेलंच जायला पाहिजे. आईचा हात त्या सलाईनने जळजळत होता ते वेगळंच.

डिस्चार्जला पोटॅशियमचं सिरप दिलं, 15 मिली दोनदा, पाच दिवस, आणि मग परत रक्त तपासा असं कार्डावर लिहिलेलं. पहिली बाटली तुमच्याकडूनच नेली. दुसऱ्या दिवशी आलो की आई घेत नाही, पोटात आग होते म्हणते. तुम्ही विचारलंत, पाण्यात घालून देताय ना? मी कुठला, थेट झाकणाने पाजत होतो. अर्धा ग्लास पाण्यात मिसळून, जेवण झाल्यावर, आणि एका दमात नाही, थोडं थोडं, असं तुम्ही सांगितलंत आणि वर पेनाने बाटलीवर लिहूनही दिलंत. चव तरीही वाईटच, पण ती प्यायला लागली. पाच-सहा दिवसांत चुलीपाशी परत उभी राहिली, आणि मी ठरवून टाकलं की हे सिरप म्हणजे एकदम भारी टॉनिक आहे. पाच दिवसांचं ते कार्ड कपाटात गेलं, रक्त राहिलं, दुसरी बाटली मी आपली मनानेच आणली. तेव्हा तुम्ही दुकानात नव्हता, पोरगा होता, त्याने देऊन टाकली.

मधे हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपीची टेल्मिसार्टन आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन लिहून दिली. काय काय चालू आहे विचारलं तेव्हा मी गोळ्या सांगितल्या, सिरप सांगितलंच नाही, टॉनिक कोण सांगतं.

आणि मग ती चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आलो, या दोन गोळ्या द्या नि ती पोटॅशियमची अजून एक बाटली. तुम्ही गोळ्यांच्या पट्ट्या हातात घेऊन थांबलात. शेवटचा रिपोर्ट कधीचा? म्हटलं दवाखान्यातलाच. मीठ कुठलं वापरता? मला वाटलं या काय विचारतायत मधेच, म्हटलं कमी सोडियमवालं, बीपीसाठी. शहाळं देता? रोज एक. तेव्हा तुम्ही म्हणालात की या दोन्ही गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात, त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियमच घातलेलं असतं, वर शहाळं, वर हे सिरप. ओआरएसचं अख्खं लिटरभर पाणी प्यायलं तर जेवढं पोटॅशियम जातं तेवढं या एका 15 मिलीत आहे, टॉनिक नाही हे. बाटली देणार नाही, गोळ्याही डॉक्टरांना फोन करून मगच, आणि रक्त आजच. मी तणतणत गेलो. लाईनीत मागे चार माणसं होती, लाज वाटली, दुसऱ्या दुकानात जाणारही होतो खरं सांगतो, पण तुम्ही दवाखान्याचा नंबर स्वतः लावून फोन माझ्या हातात दिलात.

गोळ्या अजून सुरूही नव्हत्या झाल्या आणि रिपोर्ट आला 5.7! लॅबवाला म्हणाला काढताना रक्तातल्या पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो, म्हणून परत काढलं, तरी 5.6. आईला काहीच त्रास नव्हता हो, मजेत भाजी निवडत बसलेली, आणि याचंच मला जास्त भ्या वाटतं. कमी झालं तेव्हा निदान पाय तरी बोलले होते. डॉक्टरांनी सिरप बंद, मीठ आपलं साधंच पण बेतानं, स्पायरोनोलॅक्टोन सध्या नकोच, ईसीजी काढला तो ठीक आला. चार दिवसांनी 4.6. आता टेल्मिसार्टन चालू आहे आणि रक्ताची तारीख मी फ्रिजवर चिकटवलीये.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, त्या पोरीला काहीतरी नेऊन दे. उद्या सकाळी येतो, दोन शहाळी घेऊन. दोन्ही तुम्हालाच, आईला सध्या बंद आहेत.