लक्ष्मीपूजनाचे रुपये घासू नका

मा. संपादक,

दिवाळी तोंडावर आली की आमच्या दांडिया बाजारात घरोघरी देवघरातली चांदी घासायला निघते. चिंच, पितांबरी, कुठे नुसती रांगोळी. त्यात जुने रुपयेही येतात. धनत्रयोदशीच्या आधी हे पत्र छापलंत तर बरं होईल.

सासूबाईंकडून मला सयाजीराव महाराजांचे दोन रुपये आले, दोन्ही संवत १९५१चे. एक दरवर्षी पूजेच्या ताटात असे. दुसरा ट्रंकेच्या तळाशी कागदाच्या पुडीत राहून गेलेला. पहिला लख्ख पांढरा; पण महाराजांचा गाल आणि पगडी सपाट झालेली, उन्हात धरला तर ओरखड्यांचं जाळं दिसतं. दुसरा काळपट, कडेला निळी-जांभळी झाक. तो जरा कलता केला की उजेडाचा पट्टा त्याच्यावरून गोल फिरतो. मागची तलवार तर आज ठसा मारल्यासारखी. मला वाटलं होतं, पांढऱ्याला जास्त पैसे येतील. संग्राहकाने त्याला चांदीच्या भावापेक्षा थोडंच वर सांगितलं, आणि काळ्याला त्याच्या चौपट!

चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. घासताना तो थर एकटा जात नाही, खालची चांदीही घेऊन जातो. टाकसाळीतली झळाळी एकदा गेली की कोणताही सोनार ती परत आणू शकत नाही. नाण्याची प्रत ठरवणाऱ्या संस्था ७०पैकी अंक देतात. घासलेल्या नाण्यावर बहुधा अंक न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. माळेसाठी कडी लावलेल्या नाण्याचंही तेच, कडी काढली तरी खूण राहते.

प्रत्येक काळं नाणं मोलाचं असं मात्र नाही. डागाडागांचं, चट्टे पडलेलं कुणी हौसेने घेत नाही. एकाच प्रतीच्या दोन नाण्यांत एकसारखा रंग चढलेलं आधी उचललं जातं, दोन पैसे जास्त देऊन. आणि इसवी सन १९३९च्या ब्रिटिश अमलातल्या चांदीच्या रुपयासारखं दुर्मीळ साल असेल तर झिजलेल्यालाही गिऱ्हाईक मिळतं.

मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांपासूनही जपा, वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा येतो. मी कडक पारदर्शक डबी आणली आहे. आमच्याकडे आता रुपया डबीसकट पाटावर बसतो आणि हळदकुंकू झाकणावर वाहतो.

एक वाचक, वडोदरा