उद्याने मोडण्यापूर्वी त्यांची चित्रे काढून ठेवा

माननीय संपादक,

एखादे उद्यान किंवा तलावाकाठचे कारंजे नव्याने बांधायला घेतले की जुनी फरशी, हौद आणि वाफ्यांची आखणी पाहता पाहता उखडली जाते; ते सारे कसे होते, हे नागरिकांना पुढे पाहता येईल अशी नोंद ठाण्यात सहसा मागे उरत नाही. ही नोंद चित्ररूपाने ठेवणे बंधनकारक करावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

सतराव्या शतकात युरोपात बरोक या भव्य, सजावटी शैलीची उद्याने उभी राहिली, तेव्हा त्यांची चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची प्रथाच होती. रोमची कारंजी आणि बागा फाल्दा या इटालियन चित्रकाराने कोरल्या, तर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्साय राजवाड्याची दृश्ये सिल्व्हेस्त्र या फ्रेंच चित्रकाराने. व्हर्सायच्या भूलभुलैयात इसापनीतीतील गोष्टींवर बेतलेली ३९ कारंजी होती आणि प्राणी एकमेकांशी बोलत आहेत असे भासावे म्हणून त्यांच्या तोंडांतून पाण्याच्या धारा सोडल्या होत्या. १७७० च्या दशकात ही भूलभुलैयाची बाग मोडण्यात आली. तरीही त्यातील कोल्हा आणि करकोचा आज आपल्याला पाहता येतात, कारण सेबास्तियाँ लक्लेर याने कोरलेल्या चित्रांचे पुस्तक १६७७ मध्येच छापले गेले होते आणि त्यात बागेचा आराखडाही होता.

अशा चित्रांतले पाणी जवळून पाहण्यासारखे असते. मागची झाडी बारीक रेघांच्या जाळीने गडद केलेली असते आणि धारेच्या जागी कागद जवळजवळ कोरा सोडलेला असतो. त्या कोरेपणातूनच पाणी उसळताना दिसते. अर्थात राजाच्या वैभवासाठी अतिशयोक्तीही होत असे. व्हर्सायला पाण्याची इतकी टंचाई होती की राजा जिथून जाई तिथलीच कारंजी सुरू केली जात, चित्रांत मात्र ती भरभरून उडतात. म्हणून चित्रासोबत मोजमापांचा आराखडा हवाच.

छायाचित्रे निघतातच, पण ती मोबाइलमध्ये विखुरतात, आणि जलवाहिनी कुठून आली, कुठले झाड कुठे होते, हे त्यांतून कळेलच असे नाही. तेव्हा कामाची निविदा काढण्यापूर्वी मुद्राचित्रण, म्हणजे कोरलेल्या ठशावरून चित्र छापण्याची कला, शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना योग्य मानधन देऊन हे काम सोपवावे. सुरुवात तलावपाळीपासून करावी आणि चित्रांची एक प्रत १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी, कुणालाही मागून पाहता येईल अशी ठेवावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे