शेवटच्या गोणीचा हिशेब

संपादक महोदय,

‘खत दुप्पट, उत्पन्न दुप्पट’ हे गणित शेतात बसत नाही. जमीन, पाणी, बियाणे तेच ठेवून फक्त युरिया वाढवला, तर पुढच्या प्रत्येक गोणीची भर घटत जाते. एकरभर बागायती गहू घ्या. समजा, पहिल्या गोणीने 3 क्विंटल वाढले, दुसरीने दीड, तिसरीने 20 किलो. चौथीने पीक माजते, लोळते आणि उतारा उलट कमी होतो. तीन गोण्यांची सरासरी मात्र दीड क्विंटलच्या वर दिसते, आणि फसगत होते ती इथेच.

45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. गहू 25 रुपये किलो धरला, तर जेमतेम 11 किलो वाढीत तिचे पैसे वसूल! म्हणून तिसरी गोणी टाकणाऱ्याला अडाणी म्हणू नये. त्याचा हिशेब बरोबर आहे, अनुदानाने स्वस्त ठेवलेली युरियाची किंमत चुकीची आहे. युरियातले जे नत्र (नायट्रोजन) पीक उचलत नाही, त्याचा काही भाग शेवटी विहिरीच्या पाण्यात उतरतो.

जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) किंवा जस्त कमी असेल, तर दर गोणीच्या भरीतली ही घसरण आणखी लवकर सुरू होते. म्हणून खतातल्या पोषकद्रव्यांनुसार अनुदान देणाऱ्या 2010 च्या पोषणमूल्याधारित अनुदान योजनेबाहेर ठेवलेला युरिया आता तिच्यात आणावा.

– कृषी अर्थशास्त्राचा एक अभ्यासक